टिटवीचं ओलं पोट

डोळे दिले देवा, पाहाया शिकव।
मोठेपण माझे आधी तू वाकव॥

मंडळी, जय ख्रिस्त! — अहो, जरा मोठ्यानं! जेवण मागून आहे, आधी नाही! — जय ख्रिस्त!

हां. आता एक विचारतो. हात वर करायचे नाहीत, मनातल्या मनात उत्तर द्यायचं. आपल्यापेक्षा लहान माणसानं आपल्याला खरं सांगितलं, तर आपण ऐकतो का? मोठ्या माणसाचं ऐकतो. साहेबाचं ऐकतो. सासऱ्याचं तर न बोललेलंही ऐकू येतं! पण घरातलं नऊ वर्षांचं पोर म्हणालं, "तुम्ही चुकताय" — तर? ऐकतो? की म्हणतो, "जा, पाणी आण"?

बघा, पुढची माणसं हसली. मागची गप्प झाली. मागच्यांचं दुखणं मला कळलं!

तर ऐका. प्रवरेच्या काठचं एक गाव. उसाचं रान, मधून कालवा, आणि गावाबाहेर मुरमाड माळ. त्या गावात त्रिभुवनांचं घर. घरधनी विनय, साखर कारखान्यात फिटर. माणूस सज्जन. सज्जन म्हणजे किती? तर बायको बोलली तरी हो, बहीण बोलली तरी हो. दोघी एकदम बोलल्या, की म्हणायचा, "जरा सायकल पुसून येतो."

त्याच्या पत्नी रिबेकाताई. दोन मुली. मोठी शारोन, वय नऊ. धाकटी फिबी, वय पाच आणि आवाज पन्नास.

आता या रिबेकाताई नगरला शाळेत बाई होत्या, बरं का! आठ वर्षं शिकवलं. एके दिवशी चौथीच्या पोरांना विचारलं, "बाभळीचं फूल कुठल्या रंगाचं?" साठ पोरांनी साठ वह्या उघडल्या. आणि वर्गाच्या खिडकीबाहेर बाभूळ पिवळीधमक फुललेली! एकानंही मान वर केली नाही. ताईंच्या काळजात चर्र झालं. घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या पोरी मी घरीच शिकवणार."

विनय म्हणाला, "हो."

झाली सुरू घरशाळा! गाव काय म्हणालं? गावाला काय, बोलायला काही लागतं का? "पोरींनी शाळा सोडली, का शाळेनं पोरींना सोडलं?" "आईच बाई, मग सुट्टी कुणाकडं मागायची?" पण ताई खमक्या. सकाळी साडेसहाला गीत आणि प्रार्थना. सातला वचन पाठ. मग भाकरी-चहा. आठ ते दहा मराठी, गणित. गणित चिंचोक्यांवर! फिबीचं उत्तर रोज एकानं कमी यायचं, कारण एक चिंचोका तिच्या गालात असायचा.

आणि आठवड्यातून तीन दिवस रानाचा तास. पाठीवर पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी, पिशवीत निसर्गवही. प्रभूनंच सांगितलंय ना — पाखरांकडे बघा, फुलांकडे बघा! आपण काय करतो? फुलाकडं बघतो आणि तोडतो. पाखराकडं बघतो आणि विचारतो, "हे खातात का हो?"

ताईंचं तसं नव्हतं. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून दिला होता — "डोळ्यांनी पाहिलं, तेच वहीत लिहावं." खाली सही. सहीखाली तारीख. बाईच त्या! आणि बाईंची शाळा सुटली, तरी एक गोष्ट सुटली नव्हती. कोणती? लाल पेन!

आता या गोष्टीत एक मोठं माणूस येतं. विनयची थोरली बहीण, मार्थाआक्का. श्रीरामपूरला एका शाळेत तेहतीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा वर्षं मोठ्या बाई! निवृत्त झाल्या, पण रुबाब नाही झाला. खळीची पांढरी साडी, काळी छत्री, आणि चष्म्यावरून बघायची सवय. आक्का घरात आल्या की विनय अजून खुर्चीतून उठून उभा राहायचा. चाळिशीचा माणूस!

घरशाळेचं कळलं आणि आक्का आल्या. म्हणाल्या, "विनय, लेकरांच्या आयुष्याशी खेळ मांडलाय का?"

विनय म्हणाला, "हो — म्हणजे, नाही आक्का."

"एक वर्ष देते. पुढच्या मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येईन. वह्या बघेन. पटलं तर पटलं. नाही पटलं, तर जूनमध्ये दोघी शाळेत. फॉर्म मी घेऊन येईन. कबूल?"

विनयनं ताईंकडं बघितलं. ताई ताठ मानेनं म्हणाल्या, "कबूल, आक्का."

तोंडानं कबूल! पण त्या दिवसापासून ताई पोरींना शिकवायच्या आणि मनातून आक्कांना उत्तरं द्यायच्या. म्हणतात ना, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलायला! तशा आमच्या ताई. एक काना चुकला, एक मात्रा चुकली, तर घरशाळेचं आभाळ कोसळणार आणि ते आपल्यालाच झेलायचंय!

आता टिटवीचं नाव निघालंच आहे, तर तिच्याकडंच जाऊ.

एप्रिल महिना. शनिवार. विनयला सुट्टी नव्हती. ताई पोरींना घेऊन माळावरच्या पाझर तलावाकडं गेल्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरी. करंजाच्या सावलीत बसले. तिथून वीस-पंचवीस पावलांवर, उघड्या मुरमात, शारोनला अंडी दिसली. टिटवीची! घरटं नाही, काडी नाही, कापूस नाही. खड्यांमध्ये खड्यांसारखी चार अंडी! चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं आपले म्हातारे सांगतात की नाही?

— अगं ए, तिसऱ्या रांगेतली पोरगी! हसतेस काय? म्हातारे सांगतात म्हटलं, मी नाही!

हां. तर सगळे लांब बसले. टिटवीला त्रास नको. जेवणं झाली. ऊन असं, की जमीन तव्यासारखी. आणि मंडळी, भाकरी पोटात गेल्यावर, करंजाच्या गार सावलीत, शिक्षणतज्ज्ञ माणूस सुद्धा काय करतो? लवंडतो! ताई लवंडल्या. पदर तोंडावर. फिबी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपली. जागं कोण? शारोन. करंजाला टेकून, वही मांडीवर घेऊन, बघत बसली.

सोमवारी सकाळी ताई वही तपासायला बसल्या. पान उघडलं. टिटवीचं चित्र झकास! गालाशी लाल लोंबती कातडी, पाय पिवळे. ताई खूश. आणि खाली शारोननं लिहिलं होतं —

"दुपारी टिटवी तलावात जाऊन बसली. तिनं पोट भिजवलं. मग पळत आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. टिटवी अंडी भिजवते."

ताईंच्या भुवया वर! "शारोन, हे काय लिहिलंस? पक्षी अंडी उबवतात. भिजवत नाहीत."

"आई, मी पाहिलं."

"अगं, पाणी प्यायला गेली असेल."

"चार वेळा गेली. मी मोजलं."

"मग मला कसं नाही दिसलं?"

"तू झोपली होतीस."

आता आली का पंचाईत! ताई म्हणाल्या, "मी झोपले नव्हते. डोळे मिटून विचार करत होते."

तेवढ्यात फिबी म्हणाली, "आई विचार करताना घोरते!"

मंडळी, अशा वेळी मोठं माणूस चिडतं. का चिडतं? खोटं ऐकून नाही. खरं ऐकून! ताईंच्या डोळ्यांसमोर आक्कांचा चष्मा आला. "अंडी भिजवते? हेच शिकवता का घरी?" फॉर्म दिसला. जूनची शाळा दिसली. उघडलं लाल पेन! आणि त्या पानावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत — फुली!

"नवीन पान घे. लिही — टिटवी अंडी उबवते."

आता तुम्ही म्हणाल, बुवा, मोबाईलवर तरी बघायचं! अहो, ज्याला शंका येते, तो शोधतो. ज्याला खात्री असते, तो कशाला शोधेल? खात्री फार वाईट, बाबांनो. चष्मा हरवला तर कळतं, डोळे हरवले तर कळत नाही!

शारोन गुणी पोर. आईबापाचा मान राखावा, हे तिला पाठ होतं. तिनं नवीन पान घेतलं आणि लिहिलं — "टिटवी अंडी उबवते." अक्षर मोत्यासारखं!

डोळे दिले देवा, पाहाया शिकव... पेटीवाले, जागे आहात ना? का तुम्हीही विचार करताय?

पुढचे दोन आठवडे ताई फार सुखात होत्या! शारोनची वही म्हणजे आरसा. "कावळा काळा असतो." "चिमणी दाणे खाते." "गाय दूध देते." खाडाखोड नाही, चूक नाही. लाल पेनाला कामच नाही! ताई विनयला म्हणाल्या, "बघा, पोर कशी वळणावर आली."

विनयनं वही चाळली. हळूच म्हणाला, "पण हे तर मलाही माहीत होतं." आणि सायकल पुसायला गेला.

मग एका सकाळी रानाचा तास. कालव्याच्या कडेला, तारेवर, हाताच्या अंतरावर खंड्या बसलेला! निळाशार! त्यानं सूर मारला — मासोळी! परत तारेवर — टप टप टप आपटली — गट्टम! फिबी नाचायला लागली. ताईसुद्धा टाळ्या पिटायच्याच बाकी राहिल्या. वळून बघतात तर शारोन खाली बसलेली. वही मांडीवर. पेन्सिल टोक करून हातात. मान खाली.

आणि ती म्हणाली — ऐका मंडळी, काय म्हणाली — "आई, सांग ना. मी काय पाहिलं म्हणून लिहू?"

...

फिबीनं विचारलं, "आई, शारोनताईचे डोळे बिघडले का गं?"

रिबेकाताई मटकन कालव्याच्या काठावर बसल्या. त्यांना नगरचा तो वर्ग दिसला. साठ वह्या, आणि खिडकीबाहेर फुललेली बाभूळ. जिच्यापायी नोकरी सोडली, शाळा सोडली, गावाचं बोलणं खाल्लं, तीच गोष्ट आपल्या हातानं आपल्याच लेकीला केली! साठ पोरांचे डोळे शाळेनं खाली घातले होते, एकसष्टाव्या पोरीचे आईनं. ताईंना रडू आलं. लपवलं नाही त्यांनी. आणि प्रार्थना केली, अगदी छोटी. "प्रभू, मला उठव." बस्स.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "शारोन, चल. तलावावर जायचं."

"कशाला?"

"मला टिटवी दाखव. त्या दिवशी मी झोपले होते."

बघा! पहिली कबुली पोटातून वर यायला सोळा दिवस लागले! विनय त्या दिवशी घरी होता. फिबीला त्याच्याकडं सोपवलं आणि मायलेकी निघाल्या. वेळ कोणती? बाराची! करंज लांब वाटला, म्हणून बाभळीच्या फाटक्या सावलीत, मुरमावर पालथ्या पडल्या. कोपराला खडे टोचतायत, मानेवरून घाम ओघळतोय. एक मुंगळा ताईंच्या दंडावर चढला. ताई हलल्या नाहीत. अर्धा तास! बोलायचीच सवय असलेली बाई अर्धा तास गप्प, मंडळी — हाही चमत्कारच धरा!

आणि टिटवी उठली. तुरूतुरू पाण्याकडं गेली. पाण्यात बसली. पोटाची पिसं फुलवली, डावीकडं-उजवीकडं हलली, छान भिजली. आणि तशीच निथळत, पळत परत आली. मुरमावर ओले थेंब! अंड्यांवर उभी राहिली, पंख जरा पसरले, आणि सावकाश ओलं पोट अंड्यांवर टेकवलं.

लेक कुजबुजली, "आई, दिसलं?"

"दिसलं गं बाई. दिसलं."

अहो, कारण काय? एप्रिल-मेचं ऊन! उघड्या मुरमात अंडं उकडून निघेल. तिथं ऊब कशाला हवी? ऊब तर आभाळच देतंय, भरभरून! आईनं गारवा द्यायचा. हे त्या पाखराला कळलं, आणि आपल्याला? आपण आपले उबवतोय! अभ्यास कर — उबव! पहिला नंबर आण — उबव! पाहुण्यांसमोर कविता म्हण — उबव, उबव! अरे, पोर शिजलं की!

ताईंनी तिथंच पिशवीतून वही काढली. फुली मारलेलं पान उघडलं. लाल पेन लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मी चुकले, शारोन. तू खरं लिहिलं होतंस. आता काय लिहायचं ते तू लिही."

शारोननं पेनाकडं बघितलं. मग ते परत दिलं, आपली पेन्सिल काढली, आणि फुलीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं — "आईनं पण पाहिलं."

आणि त्या दिवशी, घरी येईपर्यंत, पोरीनं आणखी दोन पानं भरली!

झालं, मे महिन्याचा दुसरा रविवार आला. आदल्या दिवशी दुपारी ताई वह्या लावत होत्या. ते पान समोर आलं. एवढी मोठी लाल फुली! आक्का बघणार. काय म्हणणार? आईलाच येत नाही, ती पोरींना काय शिकवणार? ताईंनी डिंकाची बाटली घेतली. कोरा कागद मापानं कापला. चिकटवला की झालं! कुणाला कळतंय?

मंडळी, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? — राहू दे, राहू दे. प्रभूच्या देवळात बसलाय, खोटं बोलू नका!

ताईंचं बोट डिंकात होतं. नजर त्या बारीक अक्षरांवर गेली. "आईनं पण पाहिलं." कागद चिकटवला, तर हेही झाकलं जाणार. ताईंनी बाटलीला टोपण लावलं. डिंकाचं बोट पदराला पुसलं. तो डाग अजून आहे म्हणतात त्या पदराला.

रविवारी उपासना झाली, जेवण झालं, आक्का खुर्चीत बसल्या. विनय उभा! "शारोन, सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न, आत्या."

"हं." शुद्धलेखन बघितलं. "हं." फिबीला वचन विचारलं. एक विचारलं, तर फिबीनं तीन म्हटली, थांबवावी लागली. "हं." आणि मग आक्कांनी निसर्गवही उघडली. पान उलटलं, पान उलटलं — आणि हात थांबला.

"ही फुली कुणाची?"

ताई पुढं झाल्या. "माझी, आक्का. पोरीनं पाहिलं ते लिहिलं. मी न पाहता खोडलं. मग स्वतः जाऊन पाहिलं. ती बरोबर होती."

आक्का चष्म्यावरून बघत राहिल्या. "पाखरू अंडी भिजवतं?"

"हो."

"चला. मला दाखवा."

निघाली वरात! पुढं फिबी, मागं शारोन, मग काळी छत्री, छत्रीखाली खळीची साडी, मग ताई, आणि शेवटी विनय — आज सायकल नाही पुसली बरं का त्यानं! तलावावर पोचले. शारोननं जागा दाखवली.

अंडी नव्हती! मुरूम होता, खडे होते, बाकी काही नाही. तलावाच्या पलीकडं टिटव्या ओरडत होत्या. शारोन हळूच म्हणाली, "आत्या, पिल्लं निघाली असतील. ती लगेच चालतात."

आक्का ताईंकडं वळल्या. "म्हणजे मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

आक्कांच्या पर्समधला फॉर्म ताईंना बाहेरून दिसत होता. तरी म्हणाल्या, "शब्दावर नका ठेवू, आक्का. फुलीवर ठेवा. खोटंच सांगायचं असतं, तर ती फुली तुम्हाला दिसली असती का?"

आक्का तिथल्या एका दगडावर बसल्या. मुरमात, पांढऱ्या साडीनं! नजर तलावाकडं. मग त्यांचा आवाज आला, आणि तो मोठ्या बाईंचा नव्हता.

"एका मुलानं लिहिलं होतं — चिमणी मातीत आंघोळ करते. मी त्याला फुली मारली. शेजारी लिहिलं, आंघोळ पाण्यानं करतात. पुढं कितीतरी वर्षांनी, शाळेच्याच अंगणात मी चिमण्या मातीत लोळताना पाहिल्या. तेव्हा त्या मुलाचं नावही आठवेना. कुणाला जाऊन सांगणार, मी चुकले म्हणून?" त्यांनी ताईंचा हात धरला. "तू वेळेत सांगितलंस, रिबेका."

मग पर्स उघडली. फॉर्म बाहेर आला. विनयनं डोळेच मिटले! आक्कांनी फॉर्म पालथा केला, मांडीवर हात फिरवून सरळ केला आणि शारोनसमोर धरला.

"मागची बाजू कोरी आहे. मला टिटवी काढून दे. आणि पोट ओलं दाखव!"

विनयनं एक डोळा उघडला. "आक्का... फॉर्म?"

"कसला फॉर्म? कागद आहे तो!"

डोळे दिले देवा, पाहाया शिकव।
मोठेपण माझे आधी तू वाकव॥

तर मंडळी, घरी जाल. पोरं काहीतरी सांगायला येतील. नेमकं तुम्ही बातम्या बघत असाल, नेमकी भाजी फोडणीला असेल. "जा, पाणी आण" जिभेवर येईल. तेव्हा ती टिटवी आठवा. लाल पेन सगळ्यांच्या खिशात आहे हो, फक्त बाईंच्याच नाही! कुणाचं जिभेत आहे, कुणाचं डोळ्यांत. आणि मी तर बघा, रोज व्यासपीठावर उभा राहून—

काय गं? ए तिसऱ्या रांगेतली, मघापासून तुझं चाललंय काय? हात कशाला वर केलास? वही कसली ती? उभी राहा. मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

— काय? —

मंडळी, ऐकलंत का? नाही ऐकलं? ही म्हणते, "बुवा, अंडी चार नव्हती. तीन होती. मी शारोन."

...

दोन वर्षं झाली, हे आख्यान लावतोय. चार अंडी, चार महिने पाऊस, लोक हसतात, मलाही बरं वाटतं. आता मी काय करू? म्हणू, "जा पोरी, पाणी आण"? पेटीवाले, तुम्ही सांगा! — ते म्हणतात, बुवा, तुम्हीच आत्ता सांगितलंत, आता तुम्हीच भोगा!

बरं. पेटी थांबवा. शारोनबाळ, मी चुकलो. तीन अंडी. लिही तुझ्या वहीत — "बुवांनी पण ऐकलं."

आणि मंडळी, तुम्ही? तुमच्या घरी हात वर करून कोण उभं आहे, ते आज जाऊन बघा.